अर्धं बोट कापड

माझ्याकडे शिवण शिकणाऱ्या परिचारिकेने पिशवीतून निळा झगा काढून माझ्या कापायच्या टेबलावर पसरला, तेव्हा मी खडूने रेघ ओढत होते. खडू पडला नाही. माझ्या हातून वस्तू पडत नाहीत. फक्त रेघ जिथे थांबायची तिथे थांबली नाही, चार बोटं पुढे गेली, आणि ते बसचालकाने पाहिलं. हा माणूसही निवृत्त झाल्यावर माझ्याकडे शिवण शिकायला येतो. घरी बसून बायकोला भाजी कशी चिरायची ते सांगायला लागलो तेव्हा तिनेच हाकललं, असं तो स्वतःच सांगतो. बोटं जाड आहेत, सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर येते, पण नजर चांगली. सगळा जन्म आरशात मागचं बघण्यात गेला म्हणून असेल. 'बाई, सिग्नल तोडलात,' तो म्हणाला. मी रेघ बोटाने पुसली आणि म्हटलं, तुम्ही आपल्या बाह्यांकडे बघा, दोन्ही उजव्याच हाताच्या कापल्या आहेत. खरंच कापल्या होत्या. तो बाह्या एकमेकींवर ठेवून बघत बसला आणि मला झग्याकडे बघायला तेवढा वेळ मिळाला.

झगा माझ्या हातचा होता. आपल्या हातचं शिवण ओळखायला मला ते उलटून बघावं लागत नाही. लांबून येणारं घरचं माणूस चालीवरून कळतं, तसं कळतं. गळ्याची गोलाई डावीकडे जरा जास्त खोल होती, कारण माझ्या मुलीचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे. तो उतार जगात आणखी कोणाच्या लक्षात आला असेल असं मला वाटत नाही, तिच्या नवऱ्याच्याही नाही. कापड निळं, पण भडक नव्हे, ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीसारखं. आठ वर्षांपूर्वी शिवला होता. परिचारिका सांगत होती की रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावर जुन्या कपड्यांचं दुकान आहे, तिथल्या ढिगात सापडला, कापड अजून दणकट आहे, भाचीला फ्रॉक सहज निघेल. मग तिने खालची दुमड उलटली आणि हसायला लागली. 'कोणी शिवलाय बघा. निळ्या कापडाला आतून लाल दोरा. अडाणीच असणार बाई कोणीतरी.'

हा शब्द मी आयुष्यात पुष्कळांना लावला आहे. तो माझ्याकडे परत यायची वेळ फारशी आली नाही, म्हणून तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. लाल दोरा ही माझी खूण. तेरा वर्षांची असताना पहिली उशीची खोळ शिवली तेव्हा शेवटची वीतभर शिवण राहिली आणि पांढरा दोरा संपला. घरात लालच होता. आई म्हणाली, शिव त्यानेच, आत कोण बघतंय. तेव्हापासून मी शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत, दुमडीत, वीतभर लाल असतो. कोणाला सांगितलेलं नाही. नाव लिहायचं म्हटलं तर माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, शाळा तिसरीत सुटली. पण ही वीतभर सही माझी मला पुरते. परिचारिकेला मी एवढंच म्हटलं की अडाणी असली तरी तिची दुमड सरळ आहे, तुझी गेल्या गुरुवारची बघ, पावसाळ्यातल्या गांडुळासारखी. ती पुन्हा हसली. माझ्या बोलण्याला हसायचं असतं हे या दोघांनी पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं. त्याने माझी अडचण होते, कारण मी विनोद करत नसते.

गुरुवारी दुपारी तीन ते पाच हे दोघं येतात. आधी सहा जणं होती. एकीला नोकरी लागली, दोघी माझ्या जिभेने गेल्या, आणि एक जण कुठे गेली ते तिने सांगितलं नाही. या दोघांसाठी मी सकाळीच स्वयंपाकघरातल्या खुर्च्या मागच्या खोलीत आणून ठेवते, आणि ते गेल्यावर खुर्च्या लगेच परत नेत नाही. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्या तिथेच टेबलाकडे तोंड करून असतात. कोणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून, असं सांगायचं ठरवून ठेवलंय. विचारायला कोणी येत नाही. उरलेले दिवस मी यंत्राशी बोलते. पायडल जरा कुरकुरतं, त्याला मी तेल घालते आणि म्हणते, झालं का समाधान. कधी कधी दोन दिवस झाले की लक्षात येतं, आपला आवाज यंत्राखेरीज कोणी ऐकलेला नाही. मग मी कापडाच्या दुकानात जाते.

आज सकाळी गेले होते. मुलीसाठी कापड घ्यायचं होतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, दोन बस बदलून यावं लागतं. ग्रंथालयातली नोकरी, दोन मुलं, आणि चार महिन्यांत आलेली नव्हती. तिला नुसतं 'ये' म्हणणं मला जमत नाही. माझी आई मला म्हणत नसे, मी तिला म्हणत नाही. मी वर्षातून एकदा कपडा शिवते आणि फोन करून सांगते, तुझा झगा तयार आहे. मग ती न्यायला येते. कपडा हातात धरते, म्हणते छान झालाय, आई, तासभर बसते आणि पिशवी घेऊन जाते. मी शिवलेलं तिच्या अंगावर मात्र आठ वर्षांत पाहिलेलं नाही. येते ती दुकानातल्या तयार कपड्यांत, खांद्याची शिवण दंडावर लोंबत असलेल्या. मी म्हणते, हे काय पोतं घातलंयस. ती म्हणते, आरामात वाटतं. दुकानात मी हिरवं कापड दोन बोटांत चोळलं, उभा धागा ओढून पाहिला, उजेडात धरलं. अडीच मीटर फाड म्हटलं. दुकानदार मला तीस वर्षं ओळखतो. तो म्हणाला, मुलीसाठी ना, तीन घ्या, हाताशी असलेलं बरं. मी म्हटलं, तुझी कैची कापड कापते, माझी कात्री कपडा कापते, तू तुझं बघ. त्याने निमूटपणे अडीच मीटर फाडलं. घरी येऊन मी ते बादलीत भिजवून दोरीवर टाकलं, कारण कापड आधी पाण्यात आटू द्यावं लागतं. जे आटायचं ते कापायच्या आधी आटलेलं बरं.

परिचारिकेने एव्हाना कात्री हातात घेतली होती. मी तिला थांबवलं. आधी उसवायचं, मग कापायचं. शिवणीवरून कात्री चालवायची नाही. असं मी नेहमीच सांगते, पण या वेळी सांगितलं तेव्हा मला वेळ हवा होता. माझ्या मनात एवढंच चाललं होतं की तिने तो टाकला. न घालता टाकला. माझ्या हाताखालून गेलेला कपडा ढिगात पडला, कोणी तरी त्यावर पाय देऊन उभं राहिलं असेल, आणि ती मला म्हणत होती छान झालाय, आई. परिचारिका कुशीच्या शिवणीत टाके उसवायच्या हत्याराचं टोक घालून एक एक टाका तोडत होती. बारीक टक् टक् आवाज. आमच्या ह्यांच्या आजारपणात त्यांच्या सदऱ्यांच्या शिवणी मी अशाच उसवत असे, खिडकीपाशी, ते झोपलेले असताना.

मी टेप वापरत नाही. आकडे कळतात मला, पण त्यांच्या मधल्या बारीक रेघा, पाव आणि पाऊण, डोक्यात गेल्या की मुंग्यांसारख्या पसरतात. म्हणून माझ्याकडे प्रत्येक माणसाची एक कागदाची पट्टी असते. जाड खाकी कागद, दोन बोटं रुंद. अंगाभोवती धरायची आणि जिथे टोक येईल तिथे कात्रीने खाच पाडायची. छातीला एक, कमरेला दोन जवळजवळ, घेराला तिरपी. गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. आमच्या ह्यांच्या पट्टीवर कमरेच्या अकरा जोड्या आहेत, एकीच्या आत एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. दर महिन्याला मी नवीन माप घ्यायची आणि नवीन खाच पाडायची, कारण माणूस झोपून असला तरी कपडा अंगावर लोंबता कामा नये. शेवटच्या महिन्यात ते म्हणाले, आता कशाला गं. मी म्हटलं, हात वर करा. मुलीच्या पट्टीवर मात्र प्रत्येक मापाला एकच खूण आहे. ती एकोणीस वर्षांची असताना घेतलेली, या खोलीत, या टेबलापाशी. मला आठवतं, ती वाकून उभी राहायची, त्या वयात सगळ्याच राहतात. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, ताठ उभी राहा, पोट आत घे. तिने घेतलं. खाच तिथे पडली.

आणि निळा झगा आठ वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या बाळंतपणाला वर्ष झालं होतं, कसल्याशा गोळ्याही चालू होत्या, ती सगळीकडून भरली होती. पट्टी डब्यात होती, मी पट्टीवरून कापला. तिने आतल्या खोलीत जाऊन घातला आणि पाठीची चेन बरगड्यांपाशी अडकली. ती आरशासमोर उभी होती, हात मागे नेऊन चेन ओढत. म्हणाली, आई, माप परत घे ना एकदा. सोपं होतं. पट्टी काढायची, अंगाभोवती धरायची. आमच्या ह्यांची मी अकरा वेळा घेतली, माणूस आटत गेला तसतशी. पण लेक वाढली आहे आणि माझी खाच खोटी पडली आहे, हे त्या क्षणी मला तिने केलेल्या आगळिकीसारखं वाटलं. मी म्हटलं, 'शिवण बरोबर आहे. तूच चुकली आहेस.' ती आरशातून माझ्याकडे बघून हसली. मोठ्यांच्या वेडगळ बोलण्याला मुलं हसतात तसं नव्हे, दार लावून घेण्याआधी शेजारणीकडे बघून हसतात तसं. झगा काढला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच पट्टीवरून कापलं. तिने पुन्हा माप घे म्हटलं नाही.

'बाई, इथे दोन शिवणी आहेत,' परिचारिका म्हणाली.

मी चष्मा लावला. कुशीची शिवण उघडी पडली होती. आतल्या बाजूला बारीक भोकांची एक सरळ रांग, दोरा नसलेली. ती माझ्या यंत्राची. कोणीतरी ती आधीच उसवली होती, एकही धागा न ओढता, सावकाश. आणि तिच्या बाहेर, कापडाच्या अगदी काठावर, जिथून धागे सुटायला लागतात तिथे, हाताने घातलेली दुसरी शिवण होती. पांढऱ्या दोऱ्याची, वाकडी, टाका कुठे लांब कुठे आखूड. दुसऱ्या कुशीलाही तसंच. जेवढं कापड आत होतं तेवढं सगळं बाहेर काढलं होतं. तेवढं म्हणजे अर्धं बोट. मी आत अर्ध्या बोटाहून जास्त कापड सोडत नाही. पंचेचाळीस वर्षांत सोडलेलं नाही. जिचा आपल्या नजरेवर भरवसा नाही तिने आत कापड सोडावं, हे मी या टेबलापाशी बसलेल्या प्रत्येकाला सांगितलं आहे.

बसचालक बाह्या सोडून उठून आला होता. त्याने वाकून पाहिलं आणि तो चुकचुकला. 'बिचारीने मोठा करायला बघितलाय. पण शिवणारीने आत काही ठेवलंच नाही हो. एवढं मोजून मापून कोण शिवतं?' मग त्याला आठवलं असावं, त्याच्या वहीत पहिल्या पानावर काय लिहिलंय ते. आत अर्धं बोट. परिचारिका म्हणाली, 'घातलेला मात्र खूप दिसतो,' आणि मुंढ्याच्या आतली बाजू वर केली. काखेत घामाचे फिकट डाग होते, एकात एक, धुऊन धुऊन न गेलेले. उजव्या काखेत काठावरचा टाका कापडासकट निघाला होता. तिथे रफू होतं. त्या रफूवर पुन्हा रफू होतं.

ते टाके सगळे उलटे झुकलेले होते. उजव्या हाताने शिवणाऱ्याचा टाका एकीकडे झुकतो, डावखुऱ्याचा दुसरीकडे. माझी मुलगी डावरी. दहा वर्षांची असताना मी तिला शिकवायला बसवलं होतं. सुई डाव्या हातात घेतली की मी ती काढून उजव्यात द्यायची. तिने परत डाव्यात घेतली की बोटांवर टिचकी. एक महिना चाललं हे. मग एक दिवस तिने सुई टाचणीच्या गादीत खोचली आणि म्हणाली, मला नाही येत शिवण. त्यानंतर तिने सुई कधी धरलेली मी पाहिली नाही. बटण तुटलं तरी माझ्याकडे आणून द्यायची. आणि इथे दोन्ही कुशींना, काखेपासून घेरापर्यंत, हातभर लांब शिवण होती, डाव्या हाताची. कुठे बसून घातली असेल. जेवणाच्या टेबलाशी, मुलं शाळेत गेल्यावर. बोटाला किती वेळा टोचलं असेल. मी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. वाईट होते टाके. माझ्या वर्गातली असती तर उसवायला लावले असते.

मला वाटलं होतं तिने न घालता टाकला. एखाद्याने आपली वस्तू टाकली तर त्याच्यावर रागावता येतं, आणि राग ही माझ्याजवळची नेहमीची वस्तू आहे, हातासरशी मिळते. पण तिने तो घातला होता. अर्ध्या बोटात मावून, हात फार वर न उचलता, खोल श्वास न घेता, कापड जोवर तिला धरून राहिलं तोवर घातला होता. मग सोडला. आणि मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते तिला पाठ होतं.

परिचारिकेने पुन्हा कात्री उचलली. मी म्हटलं, ठेव. कापड विरलंय, धुण्याला टिकणार नाही. मी मागच्या दाराशी जाऊन दोरीवरचं हिरवं कापड काढलं, अजून जरा दमट होतं, आणि तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, हे घे, भाचीला दोन फ्रॉक होतील, हा मला राहू दे, फडकी करीन. ती नको नको म्हणाली, नवीन कोरं कापड आहे, तुम्ही कोणासाठी तरी आणलं असेल. मी म्हटलं, ज्याच्यासाठी आणलं त्याला अडीच मीटर पुरत नाही. ती खूश झाली, कापड गालाला लावून बघायला लागली. बसचालक खिडकीपाशी उभा होता आणि माझ्या पडद्याची खालची दुमड उलटून बघत होता. मग त्याने ती हळूच सोडली, हाताने सारखी केली, आपली वही उघडून खुर्चीत बसला.

'बाई,' त्याने वहीतून मान वर न करता विचारलं, 'आत किती सोडायचं?'

मला त्याचा राग आला. मग वाटलं, सगळ्या जन्मात गाडी कशी थांबवायची हे याला कळलं आहे, आपल्याला नाही.

'दोन बोटं,' मी म्हटलं.

त्याने आधीचं खोडलं नाही. खाली नवीन ओळ लिहिली.

पाच वाजता ते गेले. खुर्च्या तशाच राहिल्या. मी झगा मांडीवर घेऊन बसले. दुमडीतला लाल दोरा अजून पक्का होता, रंगही गेला नव्हता. बिस्किटांचा डबा काढला. मुलीची पट्टी बाहेर काढून झग्याच्या कमरेवर धरली. काठावरच्या त्या वाकड्या शिवणीपर्यंत खाच पोचत नव्हती, दीड-दोन बोटं कमी पडत होती, आणि तो झगाही तिला होत नव्हता. मग मी तिला फोन केला. नेहमी मी कपडा तयार झाल्यावर करते. आज माझ्याजवळ कपडा नव्हता, कापडही नव्हतं, सांगायला काहीच नव्हतं. तिच्या घरात मागे मुलांचा आवाज होता, पाणी वाहत होतं. ती म्हणाली, झाला का शिवून? मी म्हटलं, नाही. तब्येत बरी आहे ना, असं तिने विचारलं, आणि पाणी बंद केलं.

'तुझी पट्टी हरवली,' मी म्हटलं.

पट्टी माझ्या हातात होती. मी ती डब्यात टाकली आणि झाकण लावलं, आवाज न करता, जणू तिला तिकडून दिसलं असतं.

'तुझी आजवर टाचणी हरवली नाही, आई.'

'हरवली म्हणजे हरवली. शनिवारी ये. माप घ्यावं लागेल.'

मुलं काहीतरी मागत होती. तिने त्यांना थांबा म्हटलं, आणि दार लावल्याचा आवाज आला. ती म्हणाली की शनिवारी तिला दुपारपर्यंत काम आहे, मग येईल. म्हणाली, आता माझं माप घ्यायचं म्हणजे... मला माझ्या जिभेवर तीन-चार उत्तरं तयार दिसली, वर्षानुवर्षं धार लावलेली. ती तशीच राहू दिली. समोर दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. मांडीवर निळं कापड कुशीत उघडं पडलं होतं.

'सरळ उभं राहायचं,' मी म्हटलं. 'श्वास सोडून. पोट आत ओढायचं नाही.'

पलीकडून तिचा श्वास ऐकू आला, आत घेतलेला, बराच वेळ धरलेला, आणि मग सुटलेला.